शेवाळाला खाऊ कोण घालतंय?

ती रील तुम्हीही पाहिली असेल. निळसर लाइट, मागे संथ म्युझिक, काचेच्या टाकीत हिरवी-जांभळी प्रवाळं डोलतायत आणि त्यांच्यामधून दोन 'निमो' इकडून तिकडे पळतायत. खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न, 'भावा, सेटअप कितीचा?'

आता सांगलीत, विश्रामबागला, माझ्या मामाच्या हॉलमध्ये या. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला माझा मामेभाऊ कोपरापर्यंत हात टाकीत बुडवून जुन्या टूथब्रशनं दगड घासतोय. दगडाला हिरवे केस फुटलेत. खरंच केस, बोटभर लांब, पंप चालू झाला की वाऱ्यावर उडल्यासारखे हलणारे. मी मोबाइलचा टॉर्च धरून उभी आहे. आतून मामीचा आवाज येतो, "कॉलेजचं सबमिशन एवढ्या मन लावून घासलं असतंस तर पहिला आला असतास!"

दादानं मान वर केली नाही. त्या केसांखाली त्याचं एक प्रवाळ गाडलं गेलं होतं आणि ते जिवंत आहे की नाही, हे त्याला बघायचं होतं.

माझं घर साताऱ्याला. इंटर्नशिप सुरू झाल्यापासून सांगलीची एसटी आणि मी यांची बरी गट्टी जमलीय, आणि दर खेपेला मुक्काम मामाकडेच. त्यामुळे या टाकीचं हिरवं होणं, मग तपकिरी होणं आणि मग हळूहळू माणसात येणं मी आठ महिने जवळून पाहिलं. तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात रीफ टँक घोळत असेल किंवा कुणाची टाकी आत्ता हिरवी होऊन बसली असेल, तर हे वाचा. टाकी नसली तरी वाचा, कारण गोष्ट शेवटी आपल्या नळापर्यंत आणि उसाच्या रानापर्यंत जाते.

सात किलो मीठ

आधी समुद्राचं बघू. सांगलीहून घाट उतरून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पोहोचायला चार-पाच तास लागतात. पाण्याचे कॅन भरून आणणं परवडत नाही, म्हणून समुद्र घरातच तयार करायचा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. दादाची टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण १९० लिटरची. पहिल्यांदा भरताना जवळपास सात किलो मीठ लागलं. हे आपलं स्वयंपाकाचं मीठ नाही बरं का. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीचे क्षार ठरलेल्या प्रमाणात असावे लागतात, म्हणून मत्स्यालयांसाठी मिळणारं खास सागरी मीठ घ्यावं लागतं. मामीचं म्हणणं असं, की दहा वर्षांच्या कालवणाला लागलं नसेल एवढं मीठ पोरानं एका दुपारी संपवलं.

मीठ विरघळलं, दगड मांडले, वाळू पसरली, दोन क्लाउनफिश आले, तीन-चार मऊ प्रवाळं आली. पहिले काही आठवडे काचेवर आणि वाळूवर तपकिरी धूळ बसल्यासारखी दिसायची. ते डायटम. नवीन टाकीत ते येतात, पाण्यातलं सिलिकेट खातात आणि बहुतेक वेळा आपले आपण कमी होतात. दादा खूश होता. मग हिरवे केस आले.

इथं एक गंमत सांगते. प्रवाळ म्हणजे झाड नाही, तो प्राणी आहे, इतकं शाळेत शिकलेलं असतं. पण त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवालं राहतात, ती उन्हावर साखर बनवतात आणि प्रवाळाच्या अन्नाचा मोठा वाटा तिथून येतो. पाणी जास्त तापलं की हे भाडेकरू घर सोडतात, प्रवाळ पांढरं पडतं. बातम्यांमध्ये 'ब्लीचिंग' म्हणतात ते हेच. दगडावर गुलाबी-जांभळा लेप चढतो तेही शेवाळच, आणि तो चढला की हौशी लोक पेढे वाटायचे बाकी राहतात. म्हणजे शेवाळाशिवाय रीफ नाही. दादा ज्या शेवाळाशी भांडत होता ते आणि ज्याच्या जिवावर त्याचं प्रवाळ जगत होतं ते, दोघांना प्रकाशही एकच लागतो आणि नायट्रेट-फॉस्फेटही तेच. फरक वेगाचा. केसाळ शेवाळ दिवसात वाढतं, प्रवाळ महिन्यांत. सगळ्यांना पोटभर मिळालं की जो भराभर खातो तो जिंकतो. मेसमध्ये जेवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

ब्रश, अंधार आणि बाटली

दादानं केलेल्या चुका मी त्याच्या परवानगीनं लिहितेय.

पहिली चूक टूथब्रशची. टाकीतल्या टाकीत घासलं की तुटलेले तुकडे पंपाच्या प्रवाहानं सगळीकडे जातात आणि जिथं अडकतील तिथं नवा संसार थाटतात. दगड बाहेर काढून, टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत घासायचा आणि ती बादली ओतून द्यायची. निघणारा दगड नसेल तर एका हातानं उपटायचं आणि दुसऱ्या हातात सायफनची नळी धरायची. हे काम चिकट आणि कंटाळवाणं आहे, पण उपटलेलं शेवाळ टाकीबाहेर गेलं म्हणजे त्यानं खाल्लेलं नायट्रेट-फॉस्फेटही बाहेर गेलं. घासून पाण्यातच सोडलं तर ते कुजतं आणि खाल्लेलं सगळं परत करतं.

दुसरी चूक अंधाराची. कुठल्याशा व्हिडिओत बघून त्यानं तीन दिवस टाकीवर चादर टाकली. मासे ठीक राहिले, केस पिवळट पडले, दादानं विजयाचा स्टेटस ठेवला. पंधरा दिवसांत सगळं परत. काही प्रकारच्या चिकट थरांवर अंधाराचा उपयोग होतो, मुळं धरून बसलेल्या केसांवर फारसा नाही.

तिसरी, बाटल्यांची. बाजारात शेवाळावर औषधं आहेत आणि त्यातली काही कामही करतात. ब्रायॉप्सिस नावाचं पिसासारखं दिसणारं हट्टी शेवाळ आहे, त्याच्यावर बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल वापरणारे जगभर आहेत. लाल बुळबुळीत थरावर काही जण एरिथ्रोमायसिन टाकतात. हा लाल थर म्हणजे खरं शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असतात, म्हणून अँटिबायोटिकनं ते मरतात. पण माझं स्पष्ट मत आहे, की माणसाच्या घशाला लागणारं अँटिबायोटिक छंदासाठी पाण्यात ओतू नये. ते पाणी पुढे गटारात जातं आणि तिथले जिवाणू त्याची सवय करून घेतात. शिवाय टाकीतली घाण पचवणारे उपयोगी जिवाणूही त्यात मरतात. दादाला आलेला लाल थर तर पंपाची दिशा बदलून आणि वाळूतला गाळ ओढून काढल्यावर गेला. बाटलीची गरजच पडली नाही.

आता एक धोक्याची गोष्ट. चिडून कधीही दगड गॅसवर उकळू नका. टाकीत हौसेनं ठेवतात त्या झोअँथिड गटातल्या काही प्रवाळांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. असे दगड उकळल्यावर किंवा गरम पाण्यानं घासल्यावर उडालेल्या वाफेनं आणि तुषारांनी घरातली माणसं हॉस्पिटलमध्ये पोहोचल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. दगड घासतानाही हातमोजे आणि चष्मा हवाच. दादा त्या रात्री उघड्या हातानं घासत होता. आता घासत नाही.

चौथी चूक मला सगळ्यात शिकवणारी वाटली. वैतागून त्यानं फॉस्फेट शोषणारे दाणे आणले, दुप्पट टाकले, खाणं जवळपास बंद केलं आणि टेस्ट किटवर दोन्ही आकडे शून्यावर आणले. केस खरंच विरळ झाले. मग एका सकाळी वाळूवर भुरकट, शेंबडासारखा थर, त्यातून वर निघालेल्या तारा आणि तारांच्या टोकाला अडकलेले हवेचे बुडबुडे. डायनोफ्लॅजेलेट्स. पाण्यात काहीच उरलं नाही की बाकीचे स्पर्धक उपाशी मरतात आणि हे मोकळं मैदान बघून पसरतात, असा हौशी लोकांचा अनुभव आहे. यांच्यातले काही विषारी असतात. ते खाऊन गोगलगाई मरतात. दादाच्या दोन मेल्या. त्याचं लेदर कोरल मिटलं ते परत उघडलं नाही. आठवड्यानं ते विरघळायला लागलं आणि त्यानं ते काढून टाकलं. त्या दिवशी त्यानं मला फोन केला, पण टाकीविषयी एक शब्द बोलला नाही. उगाच माझ्या ऑफिसची चौकशी केली.

भुरकट थर बघून तो नक्की कशाचा हे ओळखण्याची एक घरगुती युक्ती आहे. थोडा थर पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात पुन्हा तारा जमून आल्या तर डायनो असण्याची शक्यता मोठी. त्याहून सोपं म्हणजे कॉलेजच्या बॉटनी लॅबमध्ये मैत्रीण शोधा. चारशे पट मोठं करणाऱ्या साध्या मायक्रोस्कोपखाली डायनो स्वतःभोवती गरगर फिरताना दिसतात, डायटम काचेच्या होडीसारखे दिसतात, सायनोबॅक्टेरियाच्या सरळ दोऱ्या दिसतात. एक स्लाइड बघायला पाच मिनिटं लागतात. दादानं ती पाच मिनिटं आधी दिली असती तर दोन महिने वाचले असते.

शून्य आकड्याचा आणखी एक घोटाळा आहे. टाकी शेवाळानं भरलेली आणि टेस्ट किट म्हणतं नायट्रेट शून्य, असं होऊ शकतं. कारण पाण्यात आलेलं शेवाळ लगेच खाऊन टाकतं, आपण मोजतो ते फक्त उष्टं. त्यात दगड चुनखडीचे. ते फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडत राहतात. म्हणून रीफवाले हल्ली शून्याच्या मागे लागत नाहीत. लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम नायट्रेट आणि ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फेट असेल तर बरेच जण समाधानी असतात. आकडा किती यापेक्षा तो आठवड्यागणिक स्थिर आहे का, हे जास्त बघतात.

मामानं एका वाक्यात सांगितलं

मग नायट्रेट येत कुठून होतं? मासे दोनच. खाणं कमी. दादानं वही घातली आणि रोज काय काय टाकीत जातं ते लिहायला लागला. मला त्यातली पहिलीच नोंद खटकली. 'टॉप-अप, ३ लिटर, नळ.'

सांगलीचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. टाकीचं पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं तर चिलर लागतो आणि चिलर विद्यार्थ्याच्या खिशाला झेपत नाही, म्हणून दादानं पाण्यावर दोन छोटे पंखे लावले होते. पंख्यानं पाणी थंड होतं कारण ते उडून जातं. दिवसाला तीनेक लिटर उडायचं आणि तेवढंच तो नळाचं ओतायचा. उडताना वाफ एकटीच जाते. नळाच्या पाण्यातून आलेलं बाकी सगळं टाकीत राहतं आणि दुसऱ्या दिवशी त्यात नवी भर पडते.

गणित सोपं आहे. समजा नळाच्या पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम नायट्रेट आहे. महिन्याला ९० लिटर ओतलं म्हणजे १८०० मिलिग्रॅम नायट्रेट टाकीत गेलं. दोनशे लिटरला भागा, दर महिन्याला लिटरमागे ९ मिलिग्रॅमची वाढ. माशाला एक कण न घालता. आणि २० मिलिग्रॅम म्हणजे वाईट पाणी नव्हे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे. माणसाला चालणारं पाणी प्रवाळाला चालेलच असं नाही. दादाच्या सोसायटीत तर नळाच्या पाण्यात बोअरचं मिसळतात. टीडीएस मीटर बुडवला तर आकडा चारशेच्या पुढे गेला.

आम्ही दोघं हे गणित डायनिंग टेबलावर मांडत होतो तेव्हा मामा पेपर वाचत होता. मामाचं शिक्षण बारावी, शेती वाळवा तालुक्यात. त्यानं पेपर खाली न घेताच विचारलं, "म्हणजे तुझी टाकी क्षारपड झाली म्हण की."

आम्ही दोघं गप्प. कारण तेच होतं. कृष्णाकाठच्या कित्येक गावांत वर्षानुवर्षं उसाला पाटपाणी भरपूर दिलं गेलं, निचरा नव्हता, पाणी उन्हानं उडालं आणि क्षार मातीत साठत गेले. वाळवा, पलूस, मिरज, शेजारचं शिरोळ, या पट्ट्यात पांढरी पडलेली रानं तुम्ही एसटीच्या खिडकीतून पाहिली असतील. मामाच्या दीड एकराचं तेच झालं होतं. त्यानं पुढचा प्रश्नही शेतकऱ्याचाच विचारला, "निचरा काय ठेवलायस?"

निचरा म्हणजे वॉटर चेंज. आठवड्याला दहा टक्के जुनं पाणी काढायचं, नवीन खारं पाणी घालायचं. दादा तेही नळाच्याच पाण्यात मीठ कालवून करत होता. म्हणजे पांढऱ्या पडलेल्या रानात बोअरचं खारं पाणी सोडण्यासारखं.

उपाय आरओ-डीआय पाणी. घरातला आरओ जवळ येतो पण पुरत नाही, कारण बऱ्याच घरगुती मशीनमध्ये चवीसाठी थोडे क्षार परत सोडलेले असतात. त्यामुळे आरओनंतर डीआय रेझिनची नळी जोडायची आणि मीटरवर शून्य दिसेपर्यंत ते पाणी वापरायचं नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी हेच शुद्ध पाणी, बिनमिठाचं. मीठ उडालेलंच नसतं, हे नवीन लोक विसरतात आणि टाकी खारट करून बसतात. आरओतून वाया जाणारं पाणी मामी फरशी पुसायला वापरते. या सगळ्या उद्योगातला तिला पटलेला तेवढा एकच भाग.

हेच बाहेरही

युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. डीएपीच्या पोत्यावर १८-४६-० लिहिलेलं असतं, त्यातले ४६ फॉस्फेटचे. पिकानं खाल्लं ते खाल्लं, उरलेलं पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याला, ओढ्यातून नदीला. कृष्णा महाबळेश्वरला निघते, कराडला कोयनेला भेटते आणि सांगलीला पोहोचेपर्यंत रानांचं, गावांच्या सांडपाण्याचं सगळं पोटात घेते. उन्हाळ्यात बंधाऱ्याला तटलेलं हिरवंगार केंदाळ दिसतं ना, त्याला कुणीतरी खाऊ घातलेला असतो. यंत्रानं केंदाळ काढून काठावर टाकलं आणि पहिल्या पावसात ते परत नदीत गेलं, की झाला दादाचा टूथब्रश.

समुद्रातल्या खऱ्या रीफवर हाच सामना फार मोठ्या मैदानावर झालाय. कॅरिबियन समुद्रातल्या जमैकात आधी शेवाळ खाणारे मासे वारेमाप पकडले गेले. मग १९८० मध्ये ॲलन चक्रीवादळानं प्रवाळ मोडलं. तरी काळ्या लांब काट्यांचे डायडेमा सी-अर्चिन शेवाळ कुरतडून रीफ साफ ठेवत होते. १९८३-८४ मध्ये रोग आला आणि त्यांच्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त मेले. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथल्या रीफचा निम्म्याहून जास्त भाग जिवंत प्रवाळाचा होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्केही उरला नाही. बाकी जागा शेवाळानं घेतली. कुरतडणारे हवेतच. दादाकडे आता टर्बो गोगलगाई आहेत, त्या रात्रभर काचेवर चालतात आणि सकाळी त्यांचे नागमोडी रस्ते दिसतात. पण त्या बोटभर वाढलेले केस खात नाहीत, कोवळे कोंब खातात. आधी हातानं उपटून द्यावं लागतं, मग त्या राखतात.

आणि टाकीतलं शेवाळ बाहेर गेलं तर? १९८४ मध्ये मोनॅकोच्या प्रसिद्ध ओशनोग्राफिक म्युझियमच्या खालच्या समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शेवाळाचा जेमतेम चौरस मीटरभर तुकडा दिसला. ते मत्स्यालयात शोभेला वाढवलेलं शेवाळ होतं. पुढच्या वर्षांत ते फ्रान्स, इटली, स्पेन, क्रोएशियाच्या किनाऱ्यांवर पसरलं. २००० मध्ये तेच कॅलिफोर्नियातल्या एका खाडीत सापडलं. तिथं लोकांनी त्यावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडलं आणि २००६ मध्ये ते संपल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे तामिळनाडूच्या मन्नारच्या आखातात शेतीसाठी आणलेलं कॅपाफायकस हे परदेशी शेवाळ कुरुसडई बेटाजवळच्या जिवंत प्रवाळांवर चढल्याचं २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलं. म्हणून टाकीतून उपटलेलं शेवाळ विहिरीत, नदीत, ट्रिपला गेल्यावर समुद्रात, कुठेही सोडू नका. उन्हात वाळवा आणि कचऱ्यात टाका.

कायदा काय म्हणतो

हे कुठल्याच रीलमध्ये नसतं. दगडी सांगाडा करणारी सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन हे सगळे आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २००१ मध्ये त्यांना तिथं घातलं. पहिली अनुसूची म्हणजे वाघाची रांग. सी ककंबर आणि सी हॉर्सही त्याच रांगेत. परदेशी व्हिडिओत 'वाळू साफ ठेवायला एक सी ककंबर टाका' असा सल्ला सर्रास मिळतो. इथं तो गुन्हा ठरू शकतो. काही मोठे शंखही कायद्यात आहेत, त्यामुळे गोगलगाय घेतानाही जात विचारा. मालवणच्या ट्रिपहून 'छोटासाच तर आहे' म्हणत बॅगेत टाकलेला प्रवाळाचा तुकडाही याच कायद्याखाली येतो. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ती प्रवाळं जिवंत आहेत. स्नॉर्केलिंगला गेलात तर त्यांच्यावर उभे राहू नका.

मुंबईत कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीजवळ प्रवाळांच्या १८ वसाहती आड आल्या, तेव्हा वन विभागाची परवानगी घेऊन २०२० मध्ये त्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. अख्ख्या रस्त्याला थांबून विचारावं लागलं. आपल्याला कुणी मेसेज करून स्वस्तात 'हार्ड कोरल' देऊ करत असेल तर ते कुठून आलं असेल, हे विचारायला काय हरकत आहे? दादाला असा मेसेज आला होता. ज्या आठवड्यात त्याचं लेदर कोरल गेलं, त्याच आठवड्यात. त्यानं तो दोन दिवस उघडा ठेवला, मला दाखवला आणि मग डिलीट केला. मी काहीच बोलले नव्हते. खरं तर बोलायला हवं होतं.

वहीतला दुसरा शोध

पाणी बदललं, लाइट दहा तासांवरून आठवर आला, फ्रोझन खाऊ गाळणीत धुऊन घालायला सुरुवात झाली, कारण त्या बर्फाच्या पाण्यातही फॉस्फेट असतं. डायनो गेले, त्यासाठी शोषणारे दाणे काढावे लागले आणि नायट्रेट पुन्हा थोडं वर येऊ द्यावं लागलं. महिना-दीड महिना गेला. केस कमी झाले, पण जात नव्हते. वहीतला हिशोब आणि टाकीतला आकडा जुळेना. कुणीतरी खाऊ घालत होतं.

ते पहाटे पाचला उघडकीला आलं. मी लवकरच्या एसटीसाठी उठले होते. हॉलमध्ये अंधार आणि टाकीजवळ आजी, डाव्या हातात खाऊची डबी, उजव्या हाताची चिमूट पाण्यावर. मला बघून ती जराही गडबडली नाही. मुंग्यांना साखर, कावळ्याला घास, दारच्या कुत्र्याला भाकरी, तसं हे. "मुकी जनावरं. रात्रभर उपाशी. तुम्ही उठता आठला."

"आजी, किती दिवस घालतेयस?"

"आल्यापासून."

दादाला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग डोक्याला हात लावून बसला. आठ महिने रोज दुप्पट खाणं. माशांनी खाल्लं तेवढं खाल्लं, उरलेलं दगडांमध्ये. आजीला ओरडायचं नाही यावर आमचं दोघांचं एकमत होतं. उद्यापासून बंद कर म्हटलं असतं तर तिनं ऐकलं असतं आणि दुसऱ्या दिवशी लपून घातलं असतं.

मग दादानं मेडिकलमधून गोळ्यांची डबी आणली, आजी-आजोबांकडे असते तीच, सोमवार ते रविवार सात कप्प्यांची. दर रविवारी तो कप्प्यात मोजून एकेक चिमूट भरतो. घालायचं काम पूर्ण आजीचं. बाकी कुणी हात लावायचा नाही, दादानंसुद्धा नाही. आजीला हे पद आवडलंय. आल्यागेल्याला ती टाकी दाखवते आणि मासे आपल्याला ओळखतात म्हणते, आणि खरं सांगायचं तर ओळखतात.

मागच्या आठवड्यात गेले होते. दगड पूर्ण स्वच्छ नाहीत. एका कोपऱ्यात थोडी हिरवळ आहे आणि ती दादानं गोगलगाईंसाठी मुद्दाम ठेवलीय. जे प्रवाळ त्या रात्री केसांखाली गाडलं होतं, त्या झोअँथिडच्या सहा तोंडांपैकी दोन उरली होती. आता पाच आहेत. मागच्या काचेवर नखाएवढा गुलाबी ठिपका आलाय. दादानं मला तो तीनदा दाखवला.

निघताना डबीकडे लक्ष गेलं. तो दिवस गुरुवार होता आणि गुरुवारच्या कप्प्यातली चिमूट आजीनं काढून दुसऱ्या वाटीत ठेवली होती. म्हटलं, आज खाऊ नाही? आजी टाकीकडे बघत म्हणाली, "आज एकादशी. घरात सगळ्यांना उपास आहे."